नाकेदाराचं पान

सीमा ही माणसाने आखलेली सर्वांत गंभीर रेषा आहे. तिच्यासाठी तह झाले, तह मोडले, पलटणी रवाना झाल्या आणि सगळ्याच परत आल्या नाहीत. अशाच एका सीमेवर, बीड जिल्ह्यात उमापूरच्या पुढे, गेल्या फेब्रुवारीत मी हातात नकाशा घेऊन आणि मान जराशी ताठ ठेवून उभी होते. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली,

"बाई, सरका जरा. चुलीवर हुब्या हाव तुमी."

मी खाली पाहिलं. तीन काळे दगड होते, मधे राख होती आणि राखेत माझा उजवा बूट होता.

मी तिथे कशी पोहोचले ते सांगायला हवं. साताऱ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणजे मुलांकडून नकाशातल्या रेघा गिरवून घेतल्या. निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंग्रजी अमदानीतल्या एका नकाशाची छायाप्रत मिळाली. त्यात नगर जिल्ह्याचा मुलूख गुलाबी होता आणि निजामाचा पिवळा. त्या पिवळ्यात, सरहद्दीपासून चांगला आत, मसुरीच्या डाळीएवढा एक गुलाबी ठिपका होता. मी आधी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकार आणि निजाम यांनी तह करून मुलखाची अदलाबदल केली. दोन भावांच्या वाटणीत एकाचं आंब्याचं झाड दुसऱ्याच्या शेतात राहून जावं, तशी काही गावं या वाटणीत राहून गेली. इंग्रजांची गावं निजामाच्या पोटात, निजामाची इंग्रजांच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने एका हुकमाने ही सगळी विखुरलेली गावं ज्याच्या पोटात होती त्याच्याच हवाली केली. माझा ठिपकाही बीड जिल्ह्यात विरघळला. विरघळल्यावर तळाशी काही उरलंय का, एवढंच मला बघायचं होतं.

गावाचं नाव मी इथे चिंचखोरी असं बदललं आहे, कारण तिथल्या निवडणुका अजून व्हायच्या आहेत.

गेवराई

गेवराईला महामार्गाच्या कडेला चहा घेतला. साताऱ्याचा चहा पातळ असतो, तो पिता येतो. हा चमच्याशिवाय ढवळता येणार नाही असा होता आणि साखर ही त्यातली मुख्य वस्तू होती. रस्त्यावरून वाळूचे ट्रक ताडपत्री पांघरून जात होते. शेजारच्या बाकावरचा एक माणूस प्रत्येक ट्रककडे बघून नुसतं "हं" म्हणत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "काय न्हाई. गोदावरी चाललीय."

उमापूरकडे जाणारी काळीपिवळी जीप रघुनाथची होती. चाळिशीचा, गळ्यात मफलर, बोलणं जीपपेक्षा वेगवान. मी चिंचखोरीचं नाव काढताच त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"विलायतीत चाललाव?"

"कुठे?"

"आमच्याकडं चिंचखोरीला विलायतच म्हन्त्यात. आजूबाजूला समदा निजाम, मधी हे एकलं इंग्रजाचं. माझी आत्या दिलीय तिथं. आमचा आज्जा म्हणायचा, पोरगी विलायतीत दिली. लोकायला वाटायचं, बापरे!"

पुढच्या सीटवरचा त्याचा मित्र म्हणाला, "तुझी आत्या विलायतीत, आन् तू हितं डिझेलला रडतूस बे."

रघुनाथनेच मला लग्नाची बातमी दिली. परवा चिंचखोरीत नवी सून येणार होती. लग्न गेवराईच्या मंगल कार्यालयात, नवरीची गाडी रघुनाथचीच. "आन् बाई, त्याच दिवशी तिथं कमानीचं उद्घाटनबी हाय. राडा व्हनार. थांबाच तुमी."

राडा बघायला थांबा, असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी थांबले.

उमापूर

मुक्काम रघुनाथच्या घरी झाला. त्याच्या बायकोने येसराची आमटी केली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून ठेवलेलं पीठ. पाहुणा आला की ते पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं, मग शंभर माणसं आली तरी आमटी तयार. आम्हा सातारकरांना तिखटाचा अभिमान असतो. पहिल्या घोटानंतर मी तो बाजूला ठेवला. "लई झालं का?" तिने विचारलं. मी मानेने नाही म्हटलं, कारण तोंडाने म्हणता येत नव्हतं.

जेवताना राड्याचं मूळ कळलं. चिंचखोरीच्या वाटेवर एक लिंब, कडुलिंबाचं जुनं झाड, आहे. निजामाच्या काळात तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. गाव इंग्रजांचं, पण गावाला जाणारी प्रत्येक वाट निजामाच्या मुलखातून. त्यामुळे नव्या मालावर नाकेदार जकात घ्यायचा. वापरलेल्या वस्तूला माफी होती. नवरीबरोबर नवी कोरी भांडी यायची. मग बायकांनी तोड काढली. नाक्याच्या अलीकडेच चूल मांडायची, सगळ्या भांड्यांत ज्वारीच्या कण्या शिजवायच्या, बुडं काळी करायची आणि मग नाक्यावर जायचं. भांडी वापरलेली, जकात माफ.

निजाम गेला, नाका गेला, जकात गेली. चूल राहिली. आज गावाबाहेरून येणारी प्रत्येक सून लिंबाखाली उतरते आणि नव्या भांड्यांत कण्या शिजवल्याशिवाय गावात पाऊल टाकत नाही. आमच्याकडे नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते. इथे ती जकात चुकवते. याचा लेखी पुरावा मला कुठे मिळालेला नाही, पण जकात चुकवणारे लेखी पुरावा ठेवत नाहीत, हेही खरं.

"आन् नाकेदाराला जेवाय घालायचे," रघुनाथची बायको म्हणाली. "अजून त्याचं पान मांडत्यात."

"त्यावर बसतं कोण?"

"कोन बसल? कुत्रं खातंय."

लिंबाखाली

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चुलीत उभी होते, आणि मला सरकायला सांगणारी म्हातारी होती बायजाबाई. सत्तरीच्या पुढची, धनगराची. लिंबाला लागून तिची झोपडी, बोराटीच्या काट्यांचं कुंपण, आत दहाबारा मेंढ्या आणि दोन शेळ्या. मुलगा मोठा कळप घेऊन, खतासाठी लोकांच्या शेतांत मेंढ्या बसवत लांब गेला होता.

ही चूल पेटवण्याचा मान तिच्या घराचा होता. "नाका गावाभाईर," ती म्हणाली. "रानात इस्तू कुनाकडं असनार? धनगराकडं. आमच्या आज्जेसासऱ्यानं दिलता पैल्यांदा. तवापसून आमीच."

"त्याबद्दल काय मिळतं?"

"नारळ. खण." तिने हात पसरून लिंब, झोपडी आणि मेंढ्या एकाच फेरीत दाखवल्या. "आन् हितं ऱ्हायाला मिळतंय."

तिचं सगळं या शेवटच्या वाक्यात होतं. ती जागा गायरान होती, तिच्या नावावर काहीच नव्हतं. चुलीचा मान त्यांचा, म्हणून त्यांनी चुलीशेजारी राहायचं, एवढाच तिचा सातबारा. आणि तो आता निघून चालला होता.

चाळीस पावलांवर, गावाच्या बाजूला, नवी सिमेंटची कमान उभी होती. रंग ओला होता. वर दोन हत्ती सोंडेत हार धरून उभे होते, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "ऐतिहासिक सीमाद्वार". कमान आणली होती गेवराईच्या अण्णांनी. अण्णा म्हणजे या भागाचे पुढारी. निधी त्यांनीच खेचून आणला होता. लिंबाखाली पूर्वी शेंदूर लावलेला हद्दीचा दगड होता. तो उपटून कमानीच्या पायाशी, टाइल्सच्या चौथऱ्यावर, स्टीलच्या जाळीत बसवला होता. हद्द तिकडे गेली, म्हणून चूलही तिकडेच. उद्या त्या चौथऱ्यावर गॅसची शेगडी ठेवून ती अण्णांच्या हस्ते पेटवायची ठरली होती. आणि लिंबाखाली सुशोभीकरण, म्हणजे लोखंडी बाकं आणि कारंजं. बायजाबाईला आठ दिवसांत वाडा, म्हणजे मेंढ्यांचं कुंपण आणि झोपडी, हलवायला सांगितलं होतं.

"कारंजं कावून?" ती मला विचारत होती. "प्यायला पानी न्हाई, आन् हे वर उडवनार!"

मग तिने माझ्या हातातल्या नकाशाकडे बोट दाखवलं. "ह्यात बगा की. हद्द हितं हाय का तितं?"

मी भिंग काढलं. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या निकडीने नकाशातला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बराच वेळ पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगितलं. नकाशावरच्या रेघेची जाडीच जमिनीवर पाव किलोमीटर भरत होती. लिंब, कमान, झोपडी, मेंढ्या आणि आम्ही दोघी त्या रेघेत आरामात मावत होतो.

"म्हंजे दोन्हीकडं हाय?"

"म्हणजे नकाशाला माहीत नाही."

"मंग कशाला छापतेत?" ती म्हणाली आणि शेळीला पाणी पाजायला गेली.

शेळीने माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त आदराने पाहिलं. मी वहीत टिपण करत असताना तिने नकाशाचा एक कोपरा खाल्ला. निजामाचा बराच मुलूख त्यात गेला.

दुपारी अण्णा स्वतः पाहणीला आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागे पाचसहा जण. माझ्या हातात नकाशा बघून त्यांना आनंद झाला.

"म्याडम, उद्या दोन शब्द बोला. नकाशा दाखवून सांगा, की कमान अगदी बरोब्बर हद्दीवर हाय."

"कमान हद्दीवर आहे हे मी सांगू शकते," मी म्हटलं. "पण मग लिंबही हद्दीवर आहे हेही सांगावं लागेल."

अण्णांनी नकाशावरची नजर काढली. "मंग ऱ्हाऊ द्या. नुसतं स्टेजवर बसा."

नंतर मी गावाच्या शाळेत गेले. गुरुजी, म्हणजे तिथले मुख्याध्यापक, चिंचखोरीचेच. त्यांना विचारलं, की गाव इंग्रजांचं होतं, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं पंधरा ऑगस्टला. आजूबाजूच्या गावांना ते निजामाकडून तेरा महिने उशिरा मिळालं. मग तुम्ही सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन करता का?

"करतो की. आदेश असतो."

"पण निजामाने या गावावर राज्य केलंच नाही."

"न्हाई केलं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पन मुक्त व्हायला काय जातंय?"



कमानीपाशी

दुसऱ्या दिवशी चार वाजता कमानीला लाल फीत बांधलेली होती. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. चौथऱ्यावर हार घातलेली गॅसची शेगडी होती. इतक्या सन्मानाने वागवलेली शेगडी मी पहिल्यांदाच पाहत होते. अण्णा शाल घेऊन बसले होते. आधी नवरी येणार, मग अण्णा शेगडी पेटवणार, मग फीत, मग नवरी कमानीतून पहिलं पाऊल टाकणार, असा कार्यक्रम छापलेला होता. लग्न लावून पुढे आलेले नवरदेवाचे वडील कपाळाचा घाम पुसत होते. त्यांना अण्णांनाही दुखवायचं नव्हतं आणि बायजाबाईलाही.

मी स्टेजवरून उठून लिंबाकडे गेले. बायजाबाई चुलीतली जुनी राख लाकडाने उकरत होती. राख वीतभर खाली संपली नाही, दोन वीत संपली नाही. खालची राख घट्ट, जवळजवळ दगडासारखी झाली होती. तिने ती माझ्या हातावर ठेवली. "हे दावा त्यान्ला. नकाशा म्हणून."

मग तिने शेणी रचल्या आणि चूल पेटवली. धूर सरळ वर गेला.

रघुनाथची जीप आली ती गेवराईच्या बाजूने, त्यामुळे लिंब आधी लागला. कमानीपाशी बँडने वाजवायला सुरुवात केली. जीप लिंबाखाली थांबली. मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "म्होरं घे की बे!"

"हितं थांबतेत," रघुनाथ म्हणाला, आणि किल्ली काढून खिशात टाकली.

बायका पटापटा उतरल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकीने आपापल्या वेळी इथेच कण्या शिजवल्या होत्या. नवी नवरी प्रियांका, बी.एस्सी. झालेली, शालू सावरत उतरली आणि चुलीसमोर बसली. पातेली, कढई, तवा, आणि खोक्यातून न काढलेला कुकर.

"कुकरबी?" तिने बायजाबाईला विचारलं. "काळा व्हईल की."

"त्याच्यासाठीच हाय ते, पोरी."

प्रियांकाने कुकरकडे एकदा पाहिलं, आणि हाताने त्याचं खोकं फाडलं. मला ती मुलगी तिथेच आवडली.

कण्या रटरटू लागल्या. चाळीस पावलांवर बँड हळूहळू थांबला. खुर्च्या रिकाम्या होत होत्या, कारण माणूस वासाच्या दिशेने जातो. शेवटी अण्णाही उठले. ते आले तेव्हा कपाळाला आठ्या होत्या, आणि मागे फोटोवाला होता. 

बायजाबाई उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "या अण्णा. तुमचीच वाट बगत व्हते. मानाचं पान मांडलंय. बसा."

चुलीच्या पलीकडे, जिथे कुणीच बसलं नव्हतं तिथे, एक पत्रावळ होती. शेजारी तांब्या, सुपारी, खाली घडी घातलेलं घोंगडं. अण्णांनी ते पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं, आणि आठ्या गेल्या. मानाच्या जागेला नाही म्हणण्याची सवय त्यांना नव्हती. ते बसले.

गावातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजी खोकले. नवरदेवाच्या वडिलांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा सुख पाहिलं.

पहिल्या कण्या अण्णांच्या पानात पडल्या. त्यांनी घास घेतला आणि तोंड जरा वाकडं केलं. मीठ फार होतं. मग नवरदेवाचे वडील पुढे आले आणि काळ्या बुडाचं एक पातेलं त्यांच्यासमोर उपडं ठेवून, हात जोडून उभे राहिले. त्याच्यावर कढई. त्याच्या शेजारी तवा. शेवटी कुकर.

"काय करायचंय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"काय न्हाई," बायजाबाई म्हणाली. "बुडाला हात लावायचा, आन् म्हनायचं, जुनं हाय, जाऊ द्या."

अण्णांनी पातेल्याला हात लावला. "जुनं हाय, जाऊ द्या." कढईला. "जुनं हाय, जाऊ द्या." मोठ्या आवाजात, भाषणाच्या सुरात, फोटोवाल्याकडे बघत. कुकर खोक्यातून निघून अर्धा तास झाला नव्हता. तोही जुना ठरला.

"झ्याक परंपरा हाय," अण्णा म्हणाले. "काय म्हन्त्यात ह्याला?"

गुरुजी पुन्हा खोकले. शेवटी जीपला टेकलेला रघुनाथ म्हणाला, "नाकेदाराचं पान, अण्णा."

"नाकेदार म्हंजे?"

"निजामाचा. जकातीवाला."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्या. बँडवाल्यांपैकी कुणीतरी ढोलावर एक थाप दिली. अण्णांनी आपल्या काळ्या हाताकडे पाहिलं.

हसू थांबायच्या आत बायजाबाई म्हणाली, "आता तुमीच नाकेदार म्हणून हितं बसलाव. जाऊ द्या म्हनलाव. सुटलं, नाक्यावरून. मंग नाका हितंच झाला की न्हाई? का मी वाडा हलवू?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण पदर तिने घट्ट धरला होता. मी, गुरुजी, प्रियांका, दीडशे माणसं अण्णांकडे बघत होतो. दीडशे माणसं म्हणजे त्या गावातली बरीचशी मतं.

अण्णा पुढारी होते, मूर्ख नव्हते. ते मोठ्याने हसले. "मावशी, तुमी राजकारणात कावून न्हाई आलाव? ऱ्हाऊ द्या वाडा. कारंजं तिकडं शाळंत करू. आन् दगूड? दगूड आनून द्यायचा का परत?"

"दगूड ठिवा तुमच्याकडं," बायजाबाई म्हणाली. "मला काय करायचाय?"

अण्णांनी तसाच हात रुमालाने पुसत फीत कापली. भाषण झालं. हद्दीसाठी सांडलेल्या घामाचा त्यात चार वेळा उल्लेख आला. मी तेव्हा लिंबाखाली कण्या खात होते आणि मनाशी एक सिद्धांत मांडत होते. निजामाच्या नाक्यावर मीठही जकातीत होतं. मग कण्यांत मुद्दाम जास्त मीठ घालून, शिजवलेल्या अन्नातून ते गावात नेत असतील. तस्करीचा इतका देखणा प्रकार माझ्या वाचनात नव्हता. मी तो उत्साहाने बायजाबाईला सांगितला.



"न्हाई ओ बाई," ती म्हणाली. "माझ्या सासूचा हात जड व्हता. तिनं शिकवलं तसंच मी घालते."

संध्याकाळी नवरीला गावात पोचवून रघुनाथच्या जीपमधून परत निघालो. कमानीपाशी थांबावं लागलं. गावातून कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली कमानीसमोर उभी होती. ड्रायव्हरने खाली उतरून, एक ऊस उभा धरून अंदाज घेतला. मग परत चढला, ट्रॅक्टर मागे घेतला, रस्ता सोडून गायरानात उतरला आणि चुलीला वळसा घालून लिंबाखालून पलीकडे निघाला. बायजाबाईने मेंढ्या बाजूला घेतल्या आणि त्याला हाताने वाट दाखवली.

कमानीची आतली उंची बारा फूट आहे. उसाने भरलेली ट्रॉली चौदा फूट भरते.